विकलांग स्त्रीची साक्ष : तीन न्यायनिर्णयांचे परीक्षण

१

‘साक्षी’ या शब्दात ‘अक्षि’ म्हणजे डोळा आहे. जो आपल्या डोळ्यांनी पाहतो तो साक्षी, असा त्याचा मूलार्थ असून पाणिनीनेही साक्षात पाहणाऱ्याची संज्ञा म्हणूनच हा शब्द सिद्ध केला आहे. शब्द वापराने झिजला की त्याच्या पोटातील चित्र आपल्याला दिसेनासे होते. परंतु ते नाहीसे होत नाही. एखादी जन्मांध स्त्री न्यायालयात उभी राहून आपल्यावर अत्याचार कोणी केला हे सांगू लागते, तेव्हा या शब्दातील डोळा एकाएकी जागा होतो. जिने पाहिलेच नाही तिची साक्ष ती कसली? जी बोलू शकत नाही तिचे ‘म्हणणे’ ते कोणते? आणि जिची बुद्धी लहान मुलासारखी आहे असे सांगितले जाते, तिच्या शब्दावर एखाद्यास जन्मठेप द्यावी काय?

विकलांग स्त्रीवरील हिंसेचा प्रश्न आपण सामान्यतः करुणेचा व संरक्षणाचा प्रश्न मानतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, तो प्रथमतः साक्षीचा प्रश्न आहे. अत्याचार करणारा केवळ तिच्या शारीरिक दुर्बळतेवर विसंबून नसतो. तिने सांगितले तरी कोणी ऐकणार नाही, आणि ऐकले तरी मानणार नाही, या खात्रीवर तो विसंबतो. ही खात्री त्याला समाजाकडून मिळते, आणि समाजास ती अंशतः कायद्याच्या भाषेने पुरविलेली असते.

या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाच्या २००९, २०१७ आणि २०२१ या सालांतील तीन निर्णयांचे वाचन येथे योजिले आहे. हे वाचन कायदेपंडिताचे नाही, वाङ्मयाच्या अभ्यासकाचे आहे. निर्णय कोणत्या बाजूने लागला एवढेच न पाहता, त्या लेखनात ती स्त्री कोणत्या शब्दांनी उभी केली जाते, तिच्या वतीने कोण बोलतो आणि तिचे स्वतःचे बोलणे कोठवर ऐकू येते, हे येथे पाहावयाचे आहे. निर्णयलेखन हेही गद्यच होय. मात्र त्याचे परिणाम कथाकादंबरीच्या परिणामांहून अधिक प्रत्यक्ष असतात.

परिभाषेविषयी एक खुलासा करणे अवश्य आहे. २०१६ च्या अधिनियमाचा उल्लेख शासकीय मराठीत ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम’ असा होतो. ‘अपंग’ हा शब्द मागे पडून ‘दिव्यांग’ हा शब्द आला, यामागील सद्‌भावना मान्य केली तरी ज्या व्यक्तीला दिव्य म्हटले तिला माणूस म्हणून ऐकले जातेच असे नाही. म्हणून येथे ‘विकलांग’ हा साधा शब्द वापरला आहे. ‘मतिमंद’ हा शब्द जेथे जुन्या अभिलेखाचा भाग आहे तेथेच ठेवला आहे.

२

या प्रश्नाची पूर्वपीठिका जुनी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ज्यांना साक्षी करू नये अशांची जी गणना आहे तीत ‘विकलेंद्रिय’ हा शब्द येतो. याज्ञवल्क्याच्या यादीत विकलेंद्रिय तर आहेच, पण यादीचा आरंभच स्त्रीपासून होतो. म्हणजे विकलांग स्त्री ही तेथे दोन वेळा वगळली गेली आहे. तथापि एवढ्यावरच थांबणे अन्यायाचे होईल. याच दोन्ही स्मृतींत पुढे असा अपवाद सांगितला आहे की, साहस, चौर्य, स्त्रीसंग्रहण आणि पारुष्य या प्रकरणी साक्षीदारांची अशी पारख करू नये. याज्ञवल्क्य तर अशा वेळी सर्वांनाच साक्षी मानतो. ऋण देताना साक्षीदार निवडून बसविता येतात. बलात्कार किंवा मारहाण साक्षीदार बोलावून होत नाही, हे त्यामागील व्यावहारिक कारण उघड आहे. अपवाद स्त्रीच्या सन्मानासाठी नसून व्यवहाराच्या निकडीतून आला असेल. परंतु जेथे हिंसा आहे तेथे साक्षीदाराच्या अंगाची परीक्षा करीत बसू नये, हे सूत्र त्यात आहे, आणि ते विसरले गेले ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने यादी काढून टाकून कसोटी आणली. कलम ११८ प्रमाणे, प्रश्न समजण्यास व त्याचे सुसंगत उत्तर देण्यास जी व्यक्ती असमर्थ नाही ती साक्ष देण्यास पात्र होय. कलम ११९ प्रमाणे, जो साक्षीदार बोलू शकत नाही त्याने लिहून अथवा खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानावयाची. तत्त्व म्हणून ही मोठीच प्रगती होती. मात्र या कलमाच्या शीर्षकात ‘मुका साक्षीदार’ असे शब्द २०१३ पर्यंत टिकून होते. त्या वर्षीच्या फौजदारी कायदा दुरुस्तीने त्या जागी ‘तोंडाने आपले म्हणणे मांडू न शकणारा साक्षीदार’ अशा अर्थाची रचना आली, आणि त्याबरोबरच दुभाषी किंवा विशेष शिक्षक यांचे साहाय्य घेणे व साक्षीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे न्यायालयावर बंधनकारक झाले. १ जुलै २०२४ पासून जुन्या अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला असून ही तरतूद त्यातही कायम आहे.

या दुरुस्तीचा अर्थ वरवर दिसतो त्याहून खोल आहे. १८७२ च्या कायद्याने साक्षीदारास विचारले, ‘तुला सांगता येते काय?’ २०१३ च्या दुरुस्तीने न्यायालयास विचारले, ‘तुला ऐकण्याची सोय करता येते काय?’ असमर्थतेचा भार साक्षीदारावरून श्रोत्यावर सरकला. पुढील तिन्ही निर्णय या स्थलांतराच्या कसोटीवर तपासावयाचे आहेत.

३

पहिल्या निर्णयाकडे वळण्यापूर्वी महाराष्ट्रातील एका घटनेचे स्मरण करणे प्राप्त आहे. १९९४ साली शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद म्हणून नोंदलेल्या मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीच्या वेळी या मुलींना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण पुढे करण्यात आले. स्त्रीसंघटनांनी व विकलांगांच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांनी त्यास तीव्र विरोध केला. त्या वादात एक मुद्दा असा पुढे आला की, गर्भाशय काढल्याने मुलगी बलात्कारापासून सुरक्षित होत नाही. तिला गर्भ राहत नाही एवढेच.

या मुद्द्याचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. ज्या मुलीचे बोलणे संस्थेत कोणी ऐकत नाही, तिच्यावरील अत्याचाराचा बोभाटा अनेकदा तिच्या गरोदरपणानेच होतो. तिचे शरीर हाच तिचा एकमेव मानला जाणारा साक्षीदार असतो. गर्भाशय काढणे म्हणजे त्या साक्षीदारालाच गप्प करणे होय. शिरूर येथील शस्त्रक्रियांमागे असा हेतू होता, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु हेतू स्वच्छतेचा असला तरी परिणाम हाच होतो. त्या मुलींना काय वाटते हा प्रश्न निर्णयाच्या केंद्रस्थानी नव्हता, ही गोष्ट तर वादातीत आहे.

सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन या २००९ च्या प्रकरणात हाच प्रश्न केंद्रस्थानी आला. चंदीगड येथील शासकीय संस्थेत राहणारी, पालक नसलेली, सौम्य बौद्धिक विकलांगता असलेली एक तरुणी तेथील वास्तव्यातच अत्याचारातून गरोदर राहिली. उच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी तिच्याशी बोलून, तिला मूल हवे आहे असा अभिप्राय दिला. तरीही उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्ये गर्भपाताचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो स्थगित केला आणि ऑगस्टमध्ये त्याची कारणे दिली. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात अधिनियमात ‘मानसिक आजारी’ स्त्रीच्या बाबतीत पालकाची संमती पुरेशी मानली आहे. परंतु बौद्धिक विकलांगता म्हणजे मानसिक आजार नव्हे, सबब या प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती टाळता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले.

या निर्णयाचे महत्त्व कोणीही मान्य करील. शासनाच्या आश्रयास असलेल्या, जिच्या बाजूने बोलणारे कुटुंब नाही अशा स्त्रीचा होकार आणि नकार येथे निर्णायक ठरला. तरीही निर्णयाचे गद्य बारकाईने वाचणाऱ्यास एक द्वैत जाणवते. एकीकडे ती प्रौढ स्त्री म्हणून संमती देते. दुसरीकडे तिचे मानसिक वय नऊ वर्षांच्या मुलाच्या जवळपासचे आहे, असे वर्णन त्याच लेखनात येते. न्यायालय तिला ऐकते, पण ज्या शब्दांनी तिची ओळख करून देते ते शब्द तिला न ऐकणाऱ्यांचेच आहेत. शिवाय सारा वाद तिच्या गर्भाभोवती फिरतो. त्या संस्थेत तिच्यावर जे घडले त्याविषयी ती काय सांगत होती, आणि गरोदरपण लक्षात येण्यापूर्वी ते सांगण्याची जागा तिला होती काय, हा प्रश्न या निर्णयाच्या कक्षेबाहेरच राहिला. तो कायद्याच्या दृष्टीने त्या कक्षेत नव्हताही. पण वाचकाच्या मनात तो राहतो.

४

‘मानसिक वय’ हे रूपक पुढे कोठे नेते हे २०१७ च्या ईरा विरुद्ध दिल्ली राज्य या निर्णयात दिसते. ‘रूपक’ हा शब्द मी हेतुपूर्वक वापरीत आहे. अडतीस वर्षांच्या स्त्रीचे वय सहा ते आठ वर्षांचे आहे असे म्हणणे ही उपमाच होय. चाचणीतील कामगिरीची ती तुलना आहे, जीवनाचे वर्णन नव्हे. अडतीस वर्षे जगलेल्या शरीराला, स्मृतीला आणि भीतीला आठ वर्षांचे मूल ओळखत नाही.

या प्रकरणातील स्त्री सेरेब्रल पाल्सीने विकलांग होती. तिच्यावर बलात्कार झाल्याचा आरोप होता. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम ज्या सोयी देतो त्या तिला मिळाव्यात, म्हणून ‘वय’ या शब्दात ‘मानसिक वय’ अंतर्भूत करावे, अशी मागणी तिच्या बाजूने करण्यात आली. न्यायालयाने ती नाकारली. अधिनियमातील बालक म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती; हे वय जन्मापासून मोजावयाचे; त्याचा विस्तार करणे हे विधिमंडळाचे काम, न्यायालयाचे नव्हे, अशी भूमिका न्यायमूर्ती दीपक मिश्रा यांनी घेतली आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी स्वतंत्र निकालपत्राने तीस दुजोरा दिला. आरोपीचा मृत्यू झालेला असल्याने नुकसानभरपाईचा आदेश देऊन प्रकरण संपले.

या निर्णयावर दोन्ही बाजूंनी लिहिता येईल. मागणी फेटाळली म्हणून न्यायालयास कठोर ठरविणे सोपे आहे. पण ती मान्य झाली असती तर काय झाले असते, हेही पाहिले पाहिजे. बालक ठरलेल्या स्त्रीची संमती कायद्याच्या दृष्टीने कधीच संमती ठरत नाही. तिने स्वेच्छेने केलेला विवाह, तिने जोडलेला संबंध, तिला हवे असलेले मूल या सर्वांवर अपराधाची छाया पडली असती. सुचिता श्रीवास्तव प्रकरणातील तरुणीला जे मिळाले ते अशा व्याख्येने पुन्हा काढून घेतले असते. या दृष्टीने न्यायालयाचा नकार, त्याची कारणे निराळी असली तरी, हितकर ठरला असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परंतु ती मागणी का करावी लागली, हा खरा प्रश्न आहे. बालकांच्या अधिनियमात साक्षीची पद्धती मृदू आहे. मुलाला न्यायालयात वारंवार बोलावू नये, उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशामार्फत विचारावेत, आरोपी त्याच्या समोर येऊ नये, अशी तेथे व्यवस्था आहे. इतकेच नव्हे तर त्या अधिनियमाखालील नियमांत दुभाषी निःपक्षपाती असावा, आणि त्याचा प्रकरणात काही हितसंबंध असल्यास त्याने तो उघड करावा, असेही सांगितले आहे. विकलांग स्त्रीला हे सर्व प्रौढ म्हणून एकत्रित व निश्चितपणे मिळत नव्हते. म्हणून तिच्या हितचिंतकांना तिला बालक म्हणवून घ्यावे लागले. ऐकले जाण्याची किंमत म्हणून आपले प्रौढत्व सोडून द्यावे लागणे, ही अवस्था ज्या न्यायव्यवस्थेत येते तिच्यात दोष व्याख्येचा नसून पद्धतीचा आहे. हे निदान त्या निर्णयात स्पष्ट शब्दांत आले असते तर त्याची उंची वाढली असती.

५

तिसरा निर्णय पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य हा होय. २७ एप्रिल २०२१ रोजी दिलेल्या या निकालपत्राचे लेखन न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे आहे. एका जन्मांध, अनुसूचित जातीतील, एकोणीस वर्षांच्या तरुणीवर २०११ साली तिच्याच घरात बलात्कार झाला. आरोपी तिच्या भावांच्या ओळखीचा असून घरी येत-जात असे. तिने त्यास आवाजावरून ओळखले. बलात्काराबद्दलची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

येथे ‘साक्षी’ शब्दातील डोळ्याचा प्रश्न सरळ समोर आला, आणि न्यायालयाने त्याचे तितकेच सरळ उत्तर दिले. अंध व्यक्ती इतरांना आवाजावरून ओळखते. तिचा जगाशी व्यवहार निराळ्या रीतीने होतो, पण निराळा म्हणजे उणा नव्हे. केवळ विकलांग असल्यामुळे साक्षीदाराची साक्ष दुय्यम प्रतीची ठरत नाही. आपल्या घरात नित्य येणाऱ्या माणसाचा आवाज ओळखणे ही अंध व्यक्तीच्या दैनंदिन जीवनातील साधी गोष्ट आहे. दिसणाऱ्यांना ती विशेष वाटते, कारण त्यांनी तिचा अवलंब कधी केलेला नसतो. विकलांग स्त्रीचे ‘असहाय’, ‘दुर्बळ’ असे चित्र रंगविण्यातील धोक्याचीही जाणीव या निर्णयाला आहे. जिच्या असहायतेची पुनःपुन्हा ग्वाही दिली जाते तिच्या साक्षीच्या बळावर विश्वास ठेवणे वाचणाऱ्यास, म्हणजेच पुढील न्यायाधीशास, कठीण जाते. अनुकंपा आणि अविश्वास ही येथे एकाच भाषेची दोन रूपे ठरतात.

या निर्णयाने आणखी एक विचार मांडला. लिंग, जात आणि विकलांगता यांवर आधारलेल्या विषमता एकमेकींना छेदतात तेव्हा जो अन्याय घडतो तो त्यांच्या बेरजेहून निराळा असतो. १९८९ साली किंबर्ली क्रेनशॉ या अमेरिकी विदुषीने कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संदर्भात या विचाराला नाव दिले. ती स्त्री, ती दलित आणि ती अंध असे तीन तुकडे करून तिचे दुःख मोजता येत नाही, हा त्याचा आशय.

आणि नेमक्या याच ठिकाणी निर्णयात एक विसंगती उद्‌भवते. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियमाखालील आरोपीची शिक्षा न्यायालयाने रद्द केली. घटनेच्या काळी लागू असलेल्या कलमाप्रमाणे, अपराध पीडित व्यक्तीच्या जातीच्या कारणावरून झाला हे सिद्ध करणे आवश्यक होते. तसा स्वतंत्र पुरावा अभियोगपक्षाने दिला नव्हता. जात हे अनेक कारणांपैकी एक असले तरी पुरे, ते एकमेव असण्याची गरज नाही, असा उदार अर्थ न्यायालयाने लावला. पण त्या एका कारणाचा पुरावा मात्र निराळा मागितला. सिद्धांत सांगतो की धागे उसवता येत नाहीत. पुराव्याचा नियम म्हणतो की हा एक धागा उसवून दाखवा. कायद्याच्या दृष्टीने न्यायालयाचे हात बांधलेले होते, हे मान्य करावयास हवे. हे कलम जानेवारी २०१६ पासून बदलले असून पीडित व्यक्तीच्या जातीची आरोपीस माहिती असणे आता पुरेसे आहे. तरीही या निर्णयाच्या अभ्यासकाने ही फट पाहून ठेवली पाहिजे. तत्त्वविचार जेवढा विस्तृत, तेवढाच तो निष्कर्षापर्यंत पोहोचला काय, हे पाहणे समीक्षेचे कामच आहे.

६

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. साक्षीदारावर विश्वास ठेवण्याच्या या आग्रहात आरोपीच्या हक्काचे काय? हा आक्षेप गंभीर आहे. परंतु विकलांग स्त्रीची साक्ष चांगल्या रीतीने नोंदली जावी असे म्हणणे म्हणजे ती न तपासता मानावी असे म्हणणे नव्हे. किंबहुना साक्ष नीट न नोंदल्याने दोन्ही पक्षांची हानी होते. राजस्थान राज्य विरुद्ध दर्शनसिंह या २०१२ च्या प्रकरणात एका मूकबधिर स्त्रीच्या पतीचा खून झाला होता. न्यायालयात तिच्या खुणांचा अर्थ तिचे वडीलच सांगत होते. शपथेची व नोंदणीची रीत पाळली न गेल्याने सर्वोच्च न्यायालयाने ती साक्ष विश्वासार्ह मानली नाही आणि आरोपीची सुटका कायम राहिली. न्यायालयाची चिकित्सा रास्त होती. परंतु त्या स्त्रीने जे पाहिले असेल ते तिच्या दोषामुळे नव्हे, ऐकणाऱ्यांच्या अव्यवस्थेमुळे वाया गेले.

वडील दुभाषी असणे या एका तपशिलावर थोडे थांबले पाहिजे. घरातील माणूसच तिच्या खुणा जाणतो, म्हणून त्यालाच पुढे केले जाते. पण विकलांग स्त्रीवरील हिंसेचे एक वैशिष्ट्य असे की, ती पुष्कळदा तिची शुश्रूषा करणाऱ्याच्या हातूनच होते. औषध न देणे, कुबड्या दूर ठेवणे, चाकाची खुर्ची कुलपात ठेवणे, तिचे निवृत्तिवेतन परस्पर काढून घेणे या गोष्टी मारहाणीच्या व्याख्येत बसत नाहीत, पण तिचे जगणे त्यांनीच बांधले जाते. ज्याच्याविरुद्ध तिला बोलावयाचे आहे तोच जर तिचा दुभाषी असेल, तर तिचे बोलणे बाहेर येणारच नाही. २०१३ च्या दुरुस्तीने तक्रार तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या सोयीच्या ठिकाणी, दुभाषी वा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदविण्याची सोय केली; दंडाधिकाऱ्यापुढील तिचे मुद्रित निवेदन सरतपासणीच्या जागी धरावे असेही ठरविले. मात्र हा दुभाषी पीडित स्त्रीच्या घराशी व आरोपीशी असंबद्ध असावा, असे त्या कलमांच्या शब्दांत म्हटलेले नाही. बालकांच्या नियमांत जे स्पष्ट लिहिले गेले ते प्रौढ विकलांग स्त्रीसाठीही लिहिले जाणे, ही त्या मानाने लहान पण फलदायी सुधारणा ठरेल.

२०१६ च्या अधिनियमाचे कलम ७ याच दिशेचे आहे. विकलांग व्यक्तीवरील छळ व शोषणाची माहिती मिळताच कार्यकारी दंडाधिकाऱ्याने उपाय योजावेत, पोलिसांनी तिला तिचे हक्क व मोफत कायदेशीर साहाय्य यांची माहिती द्यावी, असे ते सांगते. २०२१ च्या निर्णयानेही न्यायाधीश, सरकारी वकील आणि पोलीस यांचे प्रशिक्षण, विशेष शिक्षक व दुभाष्यांच्या याद्या, तसेच विकलांग स्त्रियांवरील हिंसेची स्वतंत्र आकडेवारी यांविषयी सूचना केल्या आहेत. या सर्वांचा उपयोग एका गोष्टीवर अवलंबून आहे. ती स्त्री पोलीस ठाण्यात येईल तेव्हा ‘हिच्याबरोबर कोण आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘हिला काय सांगायचे आहे?’ असे विचारले जाईल काय?

भाषाशास्त्र, समाजशास्त्र व विधी या विभागांतील विद्यार्थ्यांना येथे कामास मोठा वाव आहे. जिल्हा न्यायालयांतील निकालपत्रांत विकलांग स्त्रीचे वर्णन कोणत्या शब्दांनी होते, तिच्या खुणांची नोंद कशी केली जाते, तिचे वाक्य तिचे म्हणून उरते की दुभाष्याचे होते, याचा मराठीत पद्धतशीर अभ्यास व्हावयास हवा. तिन्ही निर्णयांतून न्यायालयाचे ऐकणे उत्तरोत्तर सुधारत गेले आहे, हे या परीक्षणातून दिसून आले असेल. परंतु सर्वोच्च न्यायालयात पोहोचते ते कागदावरचे निवेदन. ते ज्या खोलीत प्रथम लिहिले जाते तेथे कान असेल तरच ‘साक्षी’ या शब्दातील डोळ्याची उणीव भरून निघेल.